पकड कोणत्या दिवसाची?

टोयोटाने २०१२ साली एक स्पोर्ट्स कार बाजारात आणली आणि तिला टायर कुठले दिले? तर प्रायसला लागत होते तेच! प्रायस म्हणजे ती हायब्रिड, पेट्रोल वाचवणारी, सज्जन गाडी. हे कुणालाही सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "कॉस्ट कटिंग, दुसरं काय!"

गाडीचं नाव जीटी ८६. जपानमध्ये नुसतं '८६', आणि सुबारूच्या शोरूममध्ये गेलं की हीच गाडी बीआरझेड. दोन लिटरचं आडवं बसणारं बॉक्सर इंजिन, २०० पीएस, वजन साधारण १२४० किलो आणि ताकद मागच्या चाकांना. ज्या 'इनिशियल डी'ने आपल्या लॅनवर इतकी जागा खाल्ली आहे, त्यातल्या हीरोची जुनी टोयोटा एई ८६ म्हणजे हिची आजी. नावातला ८६ तिथूनच आला. आणि एवढ्या खानदानी गाडीच्या पायात काय, तर मिशेलिन प्रायमसी एचपी. टूरिंग टायर. आवाज कमी, आराम जास्त, लांबच्या प्रवासाला उत्तम.

पण हे कॉस्ट कटिंग नव्हतं. गाडीचे मुख्य इंजिनिअर तेत्सुया तादा यांनी तीन गोष्टी आधीच वर्ज्य ठरवल्या होत्या. टर्बो नको, चारही चाकांना ताकद नको, आणि चिकट टायर नकोत. त्यांचा फंडा असा की गाडीची मजा लॅप टाइममध्ये नसते, चालवणाऱ्याच्या हाताला काय कळतं त्यात असते. टायरची पकड बेताची ठेवली की गाडी कमी वेगातच बोलायला लागते. मागची बाजू हळूच बाहेर सरकते, स्टिअरिंग हातात हलकं होतं, आणि सावरायला वेळ मिळतो. (ग्रिपला मी 'पकड' म्हणतेय. शाळेत सगळं इंग्रजीतून शिकल्यामुळे मला हा शब्द उशिरा सापडला, पण ग्रिपपेक्षा चांगला आहे असं माझं मत झालंय.)

आता गंमत बघा. ही गाडी घेतलेल्या पुष्कळ जणांनी पहिलं काम काय केलं असेल, तर ते टायर काढून टाकले. शक्य तेवढे रुंद, शक्य तेवढे चिकट टायर चढवले. म्हणजे ज्या गोष्टीवर कंपनीने डोकं खर्च केलं, तीच पहिल्यांदा फेकून दिली.

तर प्रश्न असा आहे. मूळ टायर झिजले, किंवा मालकाला आवडले नाहीत. आता दुसरे घ्यायचेत. कुठले घ्यावेत? आपल्यापैकी कुणाच्या पार्किंगमध्ये जीटी ८६ उभी नाही हे मलाही माहीत आहे. पण या प्रश्नावर मेसमध्ये जे वाद होतात ते ऐकून असं वाटतं की इंजिनवर बोलायला आपल्याकडे चार वर्षांचा सिलॅबस आहे, आणि टायरवर बोलायला फक्त 'रुंद म्हणजे भारी' हे एक वाक्य. माझं मत असं आहे की रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला कोरड्या रस्त्यावरची पकड थोडी कमी असली तरी चालते. ओल्या रस्त्यावरची कमी असून अजिबात चालत नाही. आणि बहुतेक लोक पैसे मोजून बरोबर उलटी खरेदी करतात.

आधी त्या 'रुंद म्हणजे भारी'चा निकाल लावू.

गाडी आणि चालक मिळून १३०० किलो धरा. एका चाकावर ३२५ किलो आले. टायरमध्ये हवा २.२ बार. साइडवॉलचा ताठपणा सोडून दिला तर हे वजन पेलायला जमिनीला टेकणारा भाग लागतो वजन भागिले दाब, म्हणजे सुमारे १४५ चौरस सेंटिमीटर. आपलं साधं पोस्टकार्ड त्याहून जरा लहान असतं. चारही चाकांचे मिळून झाले ५८० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जर्नलच्या एका ए-फोर पानापेक्षाही कमी! शंभरच्या वेगात जाणारी अख्खी गाडी, तिचं इंजिन, तिचे ब्रेक, त्यात बसलेले दोन जीव, सगळं त्या एका पानावर उभं असतं. मला तरी हे गणित पहिल्यांदा केल्यावर दोन मिनिटं काही सुचलं नव्हतं.

आता टायर २१५ ऐवजी २४५ मिलिमीटर रुंद लावला तर हे पान मोठं होतं का? फारसं नाही. वजन तेच, दाब तोच, मग क्षेत्रफळही जवळपास तेच. बदलतो तो आकार. लांबट ठसा आखूड आणि रुंद होतो. वळणावर त्याचा फायदा मिळतो हे खरं आहे, कारण रबराचा ठसा कडेकडेने जास्त सारखा दाबला जातो. अकरावीत आपण शिकलो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर ते पुस्तक वाचत नाही. त्याच्यावर भार वाढला की त्याचा घर्षणांक उतरतो, म्हणून रुंद टायरला काही अर्थ आहेच. पण त्या फायद्याचं बिल येतं. जीटी ८६ ची मूळ रिम सात इंच रुंद आहे. तिच्यावर २२५ नीट बसतो. २४५ कोंबला तर साइडवॉल आत दुमडल्यासारखी होते आणि टायर जे द्यायचं ते देतच नाही. मग रिम बदला. रिम जड, टायर जड, आणि हे सगळं वजन सस्पेन्शनच्या खालचं, जे खड्ड्यात सगळ्यात जास्त त्रास देतं. वर पाण्यात रुंद टायर लवकर तरंगतो. चांगले दिसतात, एवढं मात्र मान्य.

व्यासाचंही तसंच आहे. २१५/४५ आर १७ चा बाहेरचा व्यास येतो ६२५ मिलिमीटर. त्याजागी २२५/४० आर १८ लावला तर ६३७, म्हणजे जवळजवळ दोन टक्के मोठा. स्पीडोमीटर तेवढा खोटं बोलणार आणि गिअरिंग तेवढं लांबणार. याच १८ इंची रिमवर २१५/४० घेतलं तर व्यास ६२९ येतो, मूळच्या अगदी जवळ. कॅल्क्युलेटरवर पाऊण मिनिटाचं काम आहे. तरी लोक फोटो बघून टायर घेतात.

आता मुख्य मुद्दा, ब्रेकिंग.

दोन गाड्या १०० किलोमीटर वेगाने शेजारी शेजारी चालल्यात. समोर एकाच जागी अडथळा. दोघींनी एकाच क्षणी ब्रेक दाबले. एकीच्या टायरची पकड दुसरीपेक्षा १० टक्के कमी आहे. फक्त १० टक्के, म्हणजे एखाद्या विषयात पन्नासऐवजी पंचेचाळीस पडले तर आपण घरी सांगतही नाही. पहिली गाडी अडथळ्याला नाक लावून थांबली. दुसरी त्याच जागी पोचली तेव्हा तिचा वेग किती असेल? मी वर्गात चार-पाच जणांना विचारलं. कुणी म्हणालं पाच, कुणी दहा.

उत्तर आहे ३२.

पकड २० टक्के कमी असेल तर ४५. विश्वास बसत नसेल तर स्वतः करून बघा. वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे उरलेला वेग निघतो मूळ वेग गुणिले फरकाचं वर्गमूळ. ०.१ चं वर्गमूळ ०.३१६, आणि ०.२ चं ०.४४७. झालं. रस्ता कोरडा असो की ओला, प्रमाण तेच राहतं. ४५ च्या वेगाने उभ्या ट्रकच्या मागे घुसणं म्हणजे काय, हे घाटातून घरी जाणाऱ्यांना मी सांगायला नको.

म्हणून मी विचारते की हे १० किंवा २० टक्के कुठल्या दिवशी विकत घ्यायचे? कोरड्या दिवशी चांगल्या रस्त्यावर कुठलाही बरा टायर घर्षणांक एकच्या आसपास देतो. शंभरवरून गाडी चाळीस मीटरच्या आसपास थांबते. त्या दिवशी समोरचं दिसतही असतं, आपण जागेही असतो. खरी टायरची गरज पडते ती पावसात. दिसत नाही, काच धुकटलेली, रस्त्यावर पहिल्या सरीने उकरलेलं तेल आणि माती. घर्षणांक आधीच उतरलेला, थांबायचं अंतर आधीच वाढलेलं. टायर-टायरमधला फरकही याच दिवशी सगळ्यात जास्त उघडा पडतो.

आणि ही गाडी ज्या देशाची, तिथे पाऊस कमी नाही. टोकियोत वर्षाला सरासरी १५०० मिलिमीटरच्या वर पडतो, पुण्यापेक्षा किती तरी जास्त. जून-जुलैमध्ये त्यांचा पावसाळा, सप्टेंबरच्या सुमाराला वादळं. हाकोनेसारख्या डोंगरातले जे रस्ते आपण कार्टूनमध्ये बघतो, ज्यांना ते तोगे म्हणतात, ते आपले घाटच. दगडाची भिंत एका बाजूला, दरी दुसऱ्या. बर्फाच्या भागातले लोक हिवाळ्यात वेगळे, मऊ रबराचे टायर चढवतात. त्यामुळे त्यांच्या उन्हाळी टायरला बर्फाची काळजी नाही. पावसाची मात्र पूर्ण जबाबदारी त्याच्यावरच.

पण त्या देशातले गाडीवेडे टायर कशावरून निवडतात? पुष्कळदा त्सुकुबा सर्किटवरच्या लॅप टाइमवरून. दोन किलोमीटरचा छोटा ट्रॅक, कोरडा दिवस, गरम झालेले टायर, पट्टीचा चालक. तिथे जिंकतात ते ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आर किंवा योकोहामा अ‍ॅडव्हान निओव्हा यांच्यासारखे टायर. रस्त्यावर वापरायला कायदेशीर, पण मनाने रेसिंगचे. रबर चिकट, नक्षीचे ठोकळे मोठे, पाणी जायला खाचा कमी. गरम झाले की रस्ता धरून ठेवतात. थंड असताना आणि पाण्यात तेवढे नाही. शिवाय लवकर झिजतात, आणि खाचा आधीच कमी असल्यामुळे अर्धे झिजले की पावसाळ्यात त्यांच्यावर विसंबणं कठीण.

पाण्यावर तरंगणं म्हणजे नेमकं काय, त्याचं एक जुनं सूत्र आहे. नासाने १९६० च्या दशकात विमानाच्या टायरवर प्रयोग करून काढलेलं. टायरच्या दाबाचं पीएसआयमधलं वर्गमूळ घ्यायचं, १०.३५ ने गुणायचं, उत्तर मैलांत येतं. ३२ पीएसआयला ५८.५ मैल, म्हणजे ९४ किलोमीटर. खाचा नसलेला टायर भरपूर पाण्यात या वेगाला रस्ता सोडतो आणि पाण्यावर चढतो. नंतर स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, देवाचं नाव घ्या, तिन्हीचा परिणाम सारखाच. हवा २४ वर आलेली असेल तर हा वेग ८२ वर उतरतो. चांगल्या खाचा असल्या आणि पाण्याचा थर पातळ असला तर टायर याहून पुढे जाऊनही टिकतो, कारण पाण्याला पळायला वाट मिळते. म्हणजे ७-८ मिलिमीटरची खाच ही शोभेची वस्तू नाही. जपानच्या वाहन तपासणीत किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. ती पास होण्याची मर्यादा आहे. आपल्याकडे ४० मार्कांना काय म्हणतात ते आठवा.

रबराचं काय? इथे मटेरियल सायन्सच्या तासाला झोपलेल्यांसाठी एक भारी गोष्ट आहे. रबर अर्धं स्प्रिंग आणि अर्धं मधासारखं वागतं. दाबलं की सगळी ऊर्जा परत देत नाही, थोडी उष्णतेत घालवतं. ही घालवलेली ऊर्जा जास्त असेल तर टायर रस्त्याला धरतो, पण मग पेट्रोलही खातो. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, एक वाढवा, दुसरं सोडा. मग लक्षात आलं की दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तापमानाला मोजायच्या आहेत. प्रयोगशाळेत ६० अंशाला रबर किती ऊर्जा घालवतं त्यावरून फिरतानाचा विरोध कळतो, आणि शून्य अंशाच्या आसपास किती घालवतं त्यावरून ओल्या रस्त्यावरची पकड. कारण रस्त्याच्या खडबडीत कणांवर रबर इतक्या वेगाने थरथरतं की त्या वेगाला ते थंड असल्यासारखं वागतं! मिशेलिनने १९९२ साली काजळीच्या जागी सिलिका घालून टायर आणला, आणि या दोन आकड्यांना एकमेकांपासून सोडवलं. आज पावसात चांगला चालणारा जवळपास प्रत्येक टायर त्याच वाटेवरचा आहे. बाहेरून सगळे काळेच दिसतात हे वेगळं.

दुकानात उभं राहून हे सगळं कसं ओळखायचं? साइडवॉलवर बरंच काही लिहिलेलं असतं, पण लोक नको ते वाचतात. ८७ डब्ल्यू म्हणजे एका टायरला ५४५ किलो भार आणि २७० किलोमीटर वेग चालतो. वाय असेल तर ३००. लोकांना वाटतं वाय म्हणजे डब्ल्यूपेक्षा जास्त पकड. अजिबात नाही, ते फक्त सहनशक्तीचं अक्षर आहे. (ज्यांची कधी एकशेवीसच्या वर जायची हिंमत होत नाही तेही वाय मागतात. आम्ही मुली मोबाइलच्या रंगावर भांडतो म्हणून हसू नका!)

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो, आणि तो इतरत्रही छापलेला दिसतो. जितका कमी तितकं रबर मऊ, असा समज. टेक्सासच्या रस्त्यांवर ७२०० मैल टायर चालवून झीज मोजतात, पण शेवटचा आकडा टायर कंपनी स्वतःच ठरवते. म्हणजे इंटर्नल मार्क्स. अमेरिकेतल्या स्पर्धांमध्ये रस्त्याच्या टायरसाठी किमान २०० ची अट आली, आणि काय चमत्कार, सगळ्यात चिकट टायर बरोबर २०० वर येऊन बसले. शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं, एए किंवा ए. ते ओल्या रस्त्यावर मोजतात हे चांगलं. पण सरळ रेषेत, चाक जाम करून, ४० मैलाला. वळणाचं किंवा पाण्यात तरंगण्याचं त्यात काही नाही. त्यापेक्षा युरोपचं २०१२ पासूनचं लेबल आणि जपानमध्ये २०१० पासूनचं लेबल मला जास्त आवडतं, कारण तिथे ओल्या रस्त्यावरच्या पकडीला स्वतंत्र अक्षर आहे. तिथून सुरुवात करावी, आणि मग एखाद्या मासिकाने ओल्या ट्रॅकवर घेतलेली चाचणी मिळाली तर ती वाचावी. कोरडा लॅप टाइम सगळ्यात शेवटी.

आणखी एक चार आकडी नंबर असतो, लंबगोलात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायरची जन्मतारीख. घासाघीस करून स्वस्तात मिळालेला भारी टायर चार वर्षं गोदामात पडलेला नाही ना, हे तिथे कळतं. दुकानदार तो नंबर आपणहून कधी दाखवत नाही. खाली बसून शोधावा लागतो, कधी कधी तो आतल्या बाजूला असतो.

नायट्रोजनबद्दल एवढंच सांगते की पंपावरच्या साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, फुकट. पैसे देऊन भरायचा असेल तर भरा. पण महिन्यातून दोनदा गेज लावून दाब बघा, कारण तापमान १० अंशांनी बदललं की दीड पीएसआयच्या आसपास फरक पडतो, आत काहीही भरलेलं असलं तरी.

जीटी ८६ सारख्या गाडीत मागचे टायर आधी झिजतात. मग दोनच बदलले जातात. इथे बहुतेक जण नवी जोडी पुढे लावा म्हणतात, स्टिअरिंग पुढे असतं ना! टायर कंपन्या मात्र नवी जोडी मागे लावा सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पावसात पुढची पकड गेली तर गाडी सरळ जाते, आणि वेग कमी केला की बऱ्याचदा सावरते. मागची गेली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि मग घाटात भिंत की दरी हे नशिबावर. शक्य असेल तर चारही एकदम बदलावेत. या गाडीत चारही मापं सारखी आहेत, त्यामुळे मधूनमधून पुढचे-मागचे अदलाबदल केले की चारही बरोबरच झिजतात.

"मग तादांच्या मजेचं काय?" हा प्रश्न मला एका सिनिअरने विचारला, आणि प्रश्न चांगला आहे. पावसात उत्तम असणारा स्पोर्ट्स टायर, समजा मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ च्या जातीचा, घेतला तर कोरड्यातली पकडही वाढतेच. मूळ टायरवर गाडी ज्या सहजतेने घसरायची तशी घसरणार नाही. म्हणजे मजा थोडी कमी. मला हा सौदा मान्य आहे. मागची बाजू बाहेर काढायची ती ट्रॅकवर काढावी, रस्ता दुसऱ्यांचाही असतो. पण या बाबतीत तादांची बाजू मी पुरती सोडत नाही. कोरड्यात पकड वाढवत नेली की गाडी सुटण्याचा वेगही वाढत जातो. चाळीसला सुटणारी गाडी आपल्याला काही तरी शिकवते. शंभरला सुटणारी शिकवायला थांबत नाही. म्हणून २०० वाले चिकट टायर रस्त्यावर लावणं म्हणजे दोन्हीकडून तोटा आहे असं माझं मत आहे. कोरड्यात चूक महाग होते, पावसात स्वस्तात होते. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी त्यांचा एक वेगळा सेट वेगळ्या रिमवर ठेवावा, आणि तिथे जाऊन बदलावा.

टोयोटाने स्वतः काय केलं बघा. २०२१ साली दुसरी पिढी आली, जीआर ८६, इंजिन २.४ लिटरचं झालं. तेव्हा खालच्या मॉडेलला त्यांनी तेच प्रायमसी एचपी ठेवले, आणि वरच्याला १८ इंची रिमवर पायलट स्पोर्ट ४ दिले. पण माप बघा, २१५/४० आर १८. रुंदी तीच, २१५! ताकद वाढली, टायरची जात सुधारली, रुंदी एक मिलिमीटरनेही वाढली नाही. 'रुंद म्हणजे भारी'वाल्यांनी हे माप होस्टेलच्या नोटिस बोर्डावर लावावं.

नाही तरी आपल्या होस्टेलच्या स्टँडवर वेगळं काय चाललंय? मागे बुलेटच्या जाडीचा टायर चढवलेल्या दीडशे सीसीच्या दोन बाइक तिथे आहेत. पुढचा टायर मात्र गोटा. गोटा म्हणजे अगदी गोटा, बोट फिरवलं तर खाच लागत नाही. मागच्या जाड टायरवर जेवढे पैसे घातले तेवढ्यात पुढचा-मागचा दोन्ही कंपनीच्या मापाचे नवे आले असते, आणि बाइकला पुढच्या चाकाचा ब्रेकच जास्त थांबवतो हे डायनॅमिक्समध्ये सगळ्यांनी लिहून मार्क घेतलेत. जूनच्या पहिल्या पावसात कॉलेजच्या गेटसमोरच्या उतारावर कोण कोण लोळतं ते दरवर्षी आम्ही वरच्या गॅलरीतून बघतोच. आतापर्यंत फक्त खरचटण्यावर भागलंय.

उद्या कुणी जीटी ८६ ची किल्ली आणि टायरचे पैसे माझ्या हातात दिले, तर मी २१५/४५ आर १७ हेच माप घेईन. रिम मूळचीच. ओल्या रस्त्याच्या चाचणीत जो वरच्या दोन-तीनांत असेल असा स्पोर्ट्स टायर, चारही एकदम, एकाच कंपनीचे, आणि चौघांची जन्मतारीख खाली बसून वाचल्याशिवाय दुकानदाराला मशीनला हात लावू देणार नाही. रुंद टायर आणि नव्या रिमचे जे पैसे वाचतील त्यातून अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि एक चांगला प्रेशर गेज. त्यातूनही उरले तर मेसचं गेल्या महिन्याचं बिल.